आईचा हात कुठवर जातो

आमच्या कंपनीत एक माणूस आहे. तो कधी रजा मागत नाही, चहाला उठत नाही, पगारवाढीचं नाव काढत नाही आणि सांगाल तितक्या वेळा वाकतो. तो संगणकात राहतो. आम्ही स्वयंपाकघराची कपाटं बनवतो, आणि लाकडाला करवत लागण्याआधी प्रत्येक कपाट या पडद्यावरच्या माणसाकडून उघडून, मिटून बघतो. त्याचा हात पोचला की कपाट पास. त्याचं कधीच काही दुखत नाही, म्हणून सगळे त्याला पहिलवान म्हणतात. या पहिलवानाची उंची, पोच, वाक सांभाळणं ही माझी नोकरी. घरी मात्र 'हे कपाटांच्या कारखान्यात कुठेतरी असतात' इतकीच माझी ख्याती आहे.

तर कंपनीने ठरवलं, की आता खास वृद्धांसाठी स्वयंपाकघर काढायचं. मी या धंद्यात सगळे करतात तेच केलं. पहिलवानाला थोडा आखूड केला, थोडा हळू केला, पाठीत जरासा वाकवला आणि डोक्यावर पांढरे केस चढवले. आमच्या खात्याच्या प्रमुख, त्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणतात, पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"हा म्हातारा नाही," त्या म्हणाल्या. "हा गॅदरिंगमधला म्हातारा आहे. खरी माणसं आणा. मोजा. संचालक बघायला येणार आहेत. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, तक्रार विभागात एक जागा रिकामी आहे."

तक्रार विभागाला खिडकी नाही. तिथे फोन थांबत नाही, आणि तिथून परत आलेला माणूस घरची बेल वाजली तरी 'आम्ही दिलगीर आहोत' म्हणतो, असं सांगतात. मी म्हटलं, जमेल.

आता घरची परिस्थिती सांगितली पाहिजे. वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढताना माझी आई स्टुलावरून पडली होती. मनगट थोडं सुजलं, बाकी काही नाही. पण बायकोने आणि मी घाबरून हॉलमध्ये एक बैठक घेतली आणि आईचं स्वयंपाकघर काढून घेतलं. "आई, आता तुम्ही फक्त आराम करायचा," हिने फार प्रेमाने सांगितलं.  तेव्हापासून आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि तिथून मीठ, गॅस आणि एकंदर राज्यकारभार यांवर करडी नजर ठेवायची. हिला वाटायचं, आपण परीक्षेला बसलोय आणि पर्यवेक्षक मागेच उभा आहे.

त्या दिवशी जेवताना मी सहज बोलून गेलो, की आम्ही वृद्ध माणसं मोजणार आहोत. आईचा घास हातातच राहिला.

"मोजून काय ठरवणार?"

"स्वयंपाकघरात त्यांना काय झेपतं, काय झेपत नाही. शास्त्रशुद्ध."

"आणि पास झालं तर?"

"अगं, पास-नापास असं काही नसतं त्यात."

"पण झालंच तर? झेपतं असं सिद्ध झालं, तर जाऊ देतात आत?"

माझं लक्ष भाजीत होतं. मी "हो" म्हणालो. आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी लक्ष न देता हो म्हटलंय, माझ्या लग्नात फोटोग्राफरलासुद्धा, पण इतकं महागात कुठलंच पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात परवानगीसाठी विम्याच्या टेबलावर गेलो. तिथला कारकून म्हणाला, मोजायला येणाऱ्या प्रत्येकाने गुडघा, कंबर, खांदा यांपैकी काहीही दुखत नाही असा डॉक्टरी दाखला आणायचा.

"अहो, पण मला दुखणारे गुडघेच मोजायचे आहेत," मी म्हणालो.

"मोजताना दुखले तर जबाबदार कोण?"

"ते आधीपासूनच दुखतायत!"

"बघा, तुम्हीच सांगितलंत. आधीपासूनचं दुखणं आमच्यात बसत नाही." आणि त्याने पुढच्या माणसाला हाक मारली. मागे पुढचा माणूस नव्हता, पण हाक मारली.

म्हणजे ज्यांना काही दुखत नाही असे वृद्ध शोधायचे आणि त्यांना कुठे दुखतं ते मोजायचं. ही अडचण मी आमच्या शेजारच्या वकीलकाकांना सांगितली. वकीलकाका निवृत्त झालेत, पण काळा कोट झालेला नाही. भाजी आणायलाही ते कोट घालून जातात. त्यांनी डोळे मिटून सल्ला दिला, "प्रत्येकाकडून लिहून घे, की मी माझे गुडघे स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता वाकवत आहे." मग डोळे उघडून म्हणाले, "मलाही मोजणार ना रे?"

बातमी इमारतभर पसरली. कशी, ते विचारू नका. दारात खुर्ची टाकून बसलेल्या माणसाला फोन करायला भरपूर वेळ असतो.

सकाळी दात घासत होतो, तोच गच्चीवरून आरोळी ऐकू आली. वर गेलो तर इमारतीतली सगळी ज्येष्ठ मंडळी रांगेत उभी, आणि समोर शिट्टी घेऊन मास्तर. मास्तर आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. शाळेत कवायत शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि निवृत्तीनंतर हाताखाली कोणी नसल्यामुळे ते अंमळ कोमेजले होते. आता एकदम टवटवीत दिसत होते.

"हात वर! अजून वर!" मास्तर ओरडत होते. "तिथे साखर आहे असं समजा! मुंग्या लागतायत साखरेला! उचला!"

पहिल्या रांगेत आई होती. तोंड लालबुंद, हात आभाळात.

"मास्तर," मी काकुळतीला येऊन म्हणालो, "सराव करायचा नाही हो यात. तुम्ही सगळे आहात तसे यायचं."

"तू परीक्षेला गेलास तेव्हा होतास तसाच गेला होतास का रे?"

मी होतो तसाच गेलो होतो, आणि निकालही तसाच लागला होता, पण हे सगळ्यांसमोर कशाला सांगा. मी निमूटपणे खाली उतरलो.

दाखले मिळायला काहीच अडचण आली नाही. आमच्या डॉक्टरांनी ते गठ्ठ्याने लिहून दिले. मला म्हणाले, "तुमच्या इमारतीत कोणालाच काही होत नाही असं कळलं. मग गेली इतकी वर्षं माझ्याकडे नक्की कोण येतंय?"

मोजमापाचा दिवस उजाडला. आमच्या प्रयोगशाळेत भिंतीवर चहूबाजूंनी कॅमेरे आहेत. माणसाला अंगासरसे काळे कपडे घालायचे, खांदे, कोपरं, गुडघे असे सांधे बघून त्यावर पांढऱ्या गोट्या चिकटवायच्या, आणि मग माणूस हलला की गोट्या हलतात आणि संगणकात हुबेहूब तसाच माणूस उभा राहतो. कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात वकीलकाकांनी कोट काढायला साफ नकार दिला. "कोट काढला तर मी मी राहत नाही, आणि तुला तर म्हणे खरा माणूस हवाय." शेवटी गोट्या कोटावर चिकटवल्या. ते हात वर करायचे तेव्हा आधी हात जायचा आणि मागाहून सावकाश कोट जायचा. संगणकाच्या मते त्यांना चार खांदे होते.

आईची पाळी आली. केस चापूनचोपून बसवलेले, चेहऱ्यावर बोर्डात येण्याचा निर्धार. समोर उंच फळीवर डबा. तिने डोळे मिटले, श्वास कोंडला आणि हात असा सपकन वर नेला की मी बघतच राहिलो.

"आई, टाचा उचलू नकोस."

"टाचा जमिनीवरच आहेत. जमीन खाली गेली असेल."

प्रत्येक हालचालीनंतर किती त्रास झाला ते शून्य ते दहा यांमध्ये सांगायचं असतं. शून्य म्हणजे काहीच नाही. आईने आधी विचारलं, "मास्तरांनी किती सांगितले?"

"शून्य."

"मग मला शून्याच्या खाली लिही."

त्या संध्याकाळी आमच्या इमारतीत बामाचा असा घमघमाट सुटला, की जिन्यात डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी आईच्या खोलीत डोकावलो. ती उशीला टेकून अगदी ताठ पडली होती. "खालच्या मजल्यावरून वास येतोय," ती मान न हलवता म्हणाली.

आईच्या गोट्यांवरून तयार झालेली आजी मी पडद्यावर पाहिली आणि कपाळाला हात लावला. ती पहिलवानापेक्षा उंच पोचत होती. खाली अशी झपकन बसून उठत होती, की पहिलवानाने नोकरी सोडावी. मॅडमच्या डोळ्यांत मात्र चमक आली. "बघितलंत? आपण उगीच वृद्धांना कमी लेखतो! वरची फळी आणखी वर घ्या, खालचे ड्रॉवर थेट जमिनीपर्यंत न्या."

"मॅडम, मला वाटतं, ही मापं जरा... म्हणजे एवढं काही खऱ्या आयुष्यात..."

"तुमच्या मनात वृद्धांविषयी पूर्वग्रह आहेत," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "तेही स्वतःच्या आईबद्दल. वाईट वाटलं मला."

मलाही वाईट वाटलं. माणसाने आपल्या आईला ओळखलं तरी पंचाईत.

स्वयंपाकघर तयार झालं. संचालक बघायला आले, तिघेही सुटाबुटात. मोठ्या हॉलमध्ये चकचकीत ओटा, वर आणि खाली कपाटं, आणि मागच्या भिंतीवर भल्यामोठ्या पडद्यावर ती संगणकातली आजी, सारखी हसतमुखाने डबा काढतेय आणि ठेवतेय. आमच्या इमारतीतली मंडळी सन्माननीय पाहुणी म्हणून पहिल्या रांगेत. त्यांनी पुढे यायचं, एकेक कपाट वापरून दाखवायचं, टाळ्या घ्यायच्या, असा बेत होता.

आधी मास्तर. खालच्या ड्रॉवरपाशी ते ऐटीत वाकले, बसले. टाळ्या झाल्या. टाळ्या संपल्या. मास्तर खालीच.

"मास्तर, उठताय ना?" मी हळूच विचारलं.

"बिजागरी बघतोय," ते ड्रॉवरमध्ये तोंड घालून म्हणाले. ड्रॉवरला बिजागरी नसते. ती सरकत्या पट्टीवर चालते. पण ही वेळ ते समजावण्याची नव्हती.

मग आई. वरच्या फळीवर साखरेचा डबा. तिने श्वास कोंडला, हात वर नेला. तो कानापर्यंत गेला आणि थांबला. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा कानापाशी थांबला. मागच्या पडद्यावरची ती मात्र डबा काढत होती, ठेवत होती, काढत होती. हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. माझ्या कानात तक्रार विभागातले फोन वाजायला लागले.

आईने हात खाली घेतला, वळली आणि संचालकांमधल्या सगळ्यात उंच गृहस्थांना म्हणाली, "अहो, तुम्ही उंच आहात. तो डबा काढा बरं जरा."

ते बिचारे गडबडून पुढे आले. डबा काढला आणि धरून उभे राहिले.

"उघडा की. नुसता धरून काय उभे? आणि तुम्ही," दुसऱ्यांना, "हात रिकामे आहेत ना? पाणी ठेवा चहाला. पातेलं खाली आहे, मास्तरांच्या डोक्यामागे. आणि तिकडून तुम्ही मास्तरांना उठवा. दोन्ही बगलांत हात घाला, असे ओढू नका, पोतं नाहीत ते!"

बघता बघता कंपनीचं सगळं संचालक मंडळ आईच्या हाताखाली कामाला लागलं. एकाचा टाय शर्टात खोचलेला, एक मास्तरांसह जमिनीवर, आणि मुख्य संचालक पातेल्यासमोर चमचा घेऊन उभे. "लक्ष कुठाय तुमचं? उतू जाईल!" आई म्हणाली, तेव्हा ते 'हो हो' म्हणत गॅस बारीक करायला धावले. या माणसाला आमच्या कंपनीत आजवर कोणी आवाज चढवून बोललेलं नाही.

चहा झाला. छान झाला होता. मुख्य संचालकांनी कप हातात घेऊन पडद्याकडे बोट केलं. "त्या कोण?"

"माझी आई," मी म्हणालो.

"आणि ह्या?"

"ह्याही माझी आई."

"मग दोघींच्यात हा एवढा फरक कसा?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.  आईला नुसतं म्हणता आलं असतं, याचं यंत्र बिघडलंय. मान राहिला असता, घरीही काही कळलं नसतं.

"त्याची चूक नाही," आई म्हणाली. "मी टाचा उचलल्या होत्या. दुखायची गोळी घेऊन आले होते. चार दिवस गच्चीवर हात ताणत होते."

"पण का?" मॅडमनी विचारलं.

"नापास झाले असते तर घरात मला पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ दिलं नसतं." मग तिने हात उचलला, सावकाश, टाचा न उचलता. तो कानापाशी आला. "इतकाच जातो बघा."

 इतकी वर्षं माणसांचे हात कुठवर जातात ते मोजणं हेच माझं काम होतं, आणि घरात मी टेपसुद्धा न काढता निकाल लावून मोकळा झालो होतो.

 "माझे गुडघे तर साफ गेलेत!" मास्तर गरजले. "शून्य सांगितलं तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते!"

"गुडघ्यांचं काय कौतुक सांगता?" वकीलकाका उठले. "माझी मान बघा! डावीकडचं मी वर्षानुवर्षं पाहिलेलंच नाही!" आणि पुरावा म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत कोट काढला. आमच्या इमारतीत त्यांना कोटाशिवाय पाहिलेलं कोणी नव्हतं. चार बायका कौतुकाने पुढे सरकल्या. मग काय विचारता. खांदे, कंबरा, टाचा, ज्याला त्याला आपलं दुखणं पहिलं यायला हवं. उंच संचालकांनी संधी साधून आपल्या पाठीतली चमक सांगून घेतली. "ही काय चमक?" मास्तर म्हणाले. "याला आमच्याकडे व्यायाम म्हणतात."

मॅडम आधी कपाळाला हात लावून बसल्या होत्या, आता हसून हसून त्यांचा चष्मा खाली आला. "मोजलं तर ही मापंही खोटीच निघतील," त्या मला म्हणाल्या. "आपण मोजतोय हे ज्या दिवशी विसरतील, त्या दिवशी खरं कळेल. घरी मोजा. रोजच्या कामात." दुसऱ्याच दिवशी त्या स्वतः आमच्या घरी आल्या आणि हिला म्हणाल्या, की कंपनीच्या कामासाठी स्वयंपाकघर पूर्णपणे सासूबाईंच्या ताब्यात द्यावं लागेल.

"अहो, म्हणजे तुमच्या नोकरीसाठी?" हिने मला विचारलं.

"माझ्या नोकरीसाठी," मी म्हणालो. हे वाक्य बोलताना मी मान खाली घातली होती, कारण मला हसू येत होतं.

स्वयंपाकघरात कॅमेरे बसले आणि आई आत गेली. आधी तिने सगळे डबे हलवले. मग हिने कुठे काय चुकीचं ठेवलं होतं ते कॅमेऱ्यांना नीट समजावून सांगितलं. पहिले काही दिवस फार कठीण गेले. अंगावर गोट्या, तोंड कॅमेऱ्याकडे, आणि टीव्हीवर असल्यासारखं चालू, "आता मी कांदा घेते आहे. आता मी तो कापते आहे." मग एका सकाळी एकीकडे दूध तापत होतं, फोनवर मावशी होती आणि दारात कुरियरवाला. त्या गोंधळात आई कॅमेरे विसरली, ती कायमचीच.

एक दिवस मॅडमनी मला बोलावलं. पडद्यावर नवी आजी होती. हिचा हात कानापर्यंतच जात होता, चालताना ती ओट्याला धरत होती, मधेच थांबून कंबरेवर हात ठेवत होती. मी तिला कुठेही ओळखलं असतं.

"बाकी सगळं ठीक आहे," मॅडम म्हणाल्या, "पण हे बघा. खालच्या ड्रॉवरला वाकताना त्या उजवा हात बाजूला हवेत धरतात आणि सगळा भार त्यावर टाकतात. तिथे ओटा नाही, भिंत नाही, काही नाही. अशा स्थितीत माणूस पडायला हवा. त्या पडत नाहीत. रोज. कॅमेरे बिघडलेत का?"

मी नीट बघितलं. चिकटवलेल्या गोट्याच तेवढ्या दिसणार, बाकीचं जग कॅमेऱ्यांच्या लेखी नसतं.

"कॅमेरे ठीक आहेत," मी म्हणालो. "तिथे मी होतो."

"काय करत होता?"

"काही नाही. उभा होतो."

मॅडम शास्त्राच्या पक्क्या. त्यांनी मलाही मोजून आत घातलं. हातपाय, चेहरा वगैरे लागत नाही म्हणून मी पडद्यावर एक राखाडी खांब आहे. पुढे त्या खांबाच्या जागी, माझ्या खांद्याच्या उंचीवर, एक भक्कम दांडा आला, फळ्या कानाखाली आल्या, ड्रॉवर वर सरकले, आणि संचालकांनी ते स्वयंपाकघर एका बैठकीत पास केलं. माझी बदली टळली. ऑफिसात मात्र पोरं मला येताजाता विचारतात, "दांडा कसा आहे?"

पहिलं स्वयंपाकघर कंपनीने आमच्याच घरी बसवून दिलं. आईने सगळं उघडून, मिटून बघितलं आणि 'बरं आहे' म्हणाली. तिच्या तोंडून इतकं म्हणजे पदकच. सकाळी मी चहाला आत गेलो, तर ती मला हाताने खूण करून ड्रॉवरपाशी बोलावत होती.

"आई, तिथे दांडा आहे ना. धरायलाच केलाय तो."

"त्यावर फडकी वाळतायत," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून खाली वाकली.